लेकीला नदीकाठी सापडलेले दगड, फॉसिल आहेत का?

चिमणीचा_बाबा
लेक सात वर्षांची आहे, दगड गोळा करायचं भारी वेड. नदीकाठच्या खडीतून तिने तीन दगड आणलेत आणि घरात आता नुसतं डायनासोर डायनासोर चाललंय. फोटो टाकलेत. पहिला पिवळट, थराथरांचा, सपाट बाजूवर काळं फर्नच्या पानासारखं काहीतरी. दुसरा करडा, त्यात बारक्या गोल चकत्या रुतल्यात, मधोमध भोक. तिसरा गुळगुळीत लांबगोल, ते 'अंडं' आहे असं जाहीर झालंय. यातलं खरं काय? तिसरा फोडून बघू का?

खडकाळ
फोडू नका हो, काही निघणार नाही. कडेला टवका उडालाय तिथे झूम करून बघा, आतबाहेर एकच दगड दिसतोय. अंड्याचं फॉसिल असतं तर वर कवचाचा वेगळा पातळ थर दिसला असता. हा पाण्याने घासून गोल झालेला गोटा.

पहिल्यावर भले भले फसतात. ते पान नाही, डेंड्राइट म्हणतात त्याला. दगडाच्या फटीतून पाणी झिरपतं, त्यातलं मॅंगनीज साठत साठत असे फाटे फुटतात. खऱ्या फर्नला मधली शीर असते आणि तिच्यावरून पानं ठरावीक अंतराने निघतात, इथे फाटे कुठूनही कसेही सुटलेत.

दुसरा मात्र जपून ठेवा! मला तरी क्रिनॉइडच्या देठाचे तुकडे वाटतात. तारामाशाच्या नात्यातला समुद्री प्राणी, देठ म्हणजे चकत्यांची माळच, मेल्यावर ती सुटी होते म्हणून अशा विखुरलेल्या सापडतात. भिंगाने बघा, भोक गोल आहे की पाच कोनांचं, आणि चकतीवर किरणांसारख्या रेषा आहेत का.

गोटीसोडा
जिभेला लावून बघा, चिकटलं तर हाड. आम्ही असंच करायचो.

खडकाळ
@गोटीसोडा हाड सच्छिद्र असतं म्हणून चिकटतं हे बरोबर, पण चिकणमातीचे काही दगडही तसेच चिकटतात. आणि इथे हाडाचा संबंधच नाही, उगाच पोरीला नदीतला दगड चाटायला लावू नका.

चिमणीचा_बाबा
बघितलं!! भोक गोल आहे पण कडेने बारीक रेषा आहेत चक्राच्या आऱ्यांसारख्या, एका चकतीवर तर अगदी स्पष्ट. अंड्यावरून रडारड झाली थोडी, पण तारामाशाचा नातेवाईक म्हटल्यावर गाडी रुळावर. व्हिनेगर टाकून बघू का?

खडकाळ
रेषा आहेत म्हणजे क्रिनॉइडच, जवळजवळ नक्की. व्हिनेगर टाकायचंच तर चकत्यांपासून लांब, मागच्या कोपऱ्यावर एक थेंब. बुडबुडे आले तर चुनखडक. चकत्याही कॅल्साइटच्याच (चुनखडक ज्या खनिजाचा असतो त्याच्याच) असतात, त्यामुळे दगड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलात तर त्याही झिजतील. थेंब टाकल्यावर साध्या पाण्याने धुऊन घ्या. जात कुठली ते नुसत्या देठावरून सांगणं अवघड, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

शेवाळ
एक राहिलं, नेमका कुठे सापडला ते आजच लिहून डबीत टाका, चिठ्ठी नसेल तर पुढे अभ्यासाला त्याचा फारसा उपयोग नाही. तो खडीत होता म्हणजे पाण्याने वरून आणलाय, तसाच करडा थर वरच्या अंगाला काठावर उघडा पडलाय का बघा. तिथे दरड असेल तर खाली उभं राहू नका, आणि संरक्षित जागा असेल तर उचलायच्या आधी परवानगीचं विचारा. नाहीतर फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून, सकाळच्या तिरप्या उन्हात, रेषा छान उठून दिसतात.