‘पुनर्बांधणी’ की ‘बहार धरणे’? बेसबॉलमधील छोट्या बाजारपेठेच्या संघांसाठी शब्द

प्रश्न

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलविषयी मराठीत लिहिताना तीन ठिकाणी अडखळायला होते. ‘स्मॉल मार्केट’ संघाला ‘गरीब संघ’ म्हणावे काय? ‘रीबिल्ड’साठी ‘पुनर्बांधणी’ हा शब्द पुरेसा आहे काय? आणि अशा संघाला जिंकण्याची संधी ज्या तीन-चार वर्षांत असते, त्या काळाला इंग्रजीत ‘विंडो’ म्हणतात. त्याचे ‘खिडकी’ हे भाषांतर वाचकाला काहीच सांगत नाही. जाणकारांनी पर्याय सुचवावेत.

उत्तर

‘गरीब संघ’ हा शब्द टाळावा, कारण या संघांचे मालक गरीब नसतात. कॅन्सस सिटी रॉयल्स हा संघ २०१९ मध्ये सुमारे एक अब्ज डॉलरना विकला गेला. लहान असते ती त्या शहराभोवतीची बाजारपेठ, म्हणजे तिकिटे घेणारी आणि विशेषतः स्थानिक दूरचित्रवाणीवर सामने पाहणारी लोकसंख्या. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने स्थानिक प्रक्षेपणाचा जो २५ वर्षांचा करार केला, त्याची किंमत आठ अब्ज डॉलरहून अधिक सांगितली गेली. कॅन्सस सिटी किंवा मिलवॉकीसारख्या शहराला असा करार कधीही मिळणार नाही. लीग स्थानिक उत्पन्नाचा काही भाग एकत्र करून सर्व संघांत वाटते खरी, परंतु खेळाडूंच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा नसल्यामुळे दरी उरतेच. एका पातळीपुढील पगारखर्चावर कर लागतो, पण तो भरण्याची तयारी असलेल्या संघाला कोणी अडवत नाही. आयपीएलमध्ये खेळाडूंवरील खर्चाची मर्यादा सर्व संघांना सारखीच असते, त्यामुळे मराठी वाचकाला हा भेद ओळखीचा नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘छोट्या बाजारपेठेचा संघ’ असे पूर्ण लिहावे आणि एका वाक्यात त्याचे कारण द्यावे.

‘पुनर्बांधणी’ हा शब्द चुकीचा नाही, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. महागडे खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन होतकरू खेळाडू घेणे, हार पत्करणे, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जिथे तळाच्या संघांना सहसा आधी पाळी मिळते) वरच्या क्रमांकाची निवड मिळवणे, हे सारे त्यात बसते. (‘प्रॉस्पेक्ट’साठी ‘होतकरू’ हा आपला जुना शब्द इतका चपखल आहे की नवा शोधण्याची गरजच नाही.) मात्र जमवलेले हे भांडवल कोणत्या वर्षी बाहेर काढायचे आणि कशावर लावायचे, हा खरा कठीण निर्णय ‘बांधणी’ या शब्दात कोठेच दिसत नाही. इमारत बांधून झाली की उभी राहते. बेसबॉलचा संघ तसा उभा राहत नाही, कारण त्याच्या प्रत्येक तरुण खेळाडूवर मुदतीचे घड्याळ चालू असते.

ते घड्याळ समजून घेतल्याशिवाय योग्य शब्द सापडणार नाही. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत तो संघाच्या ताब्यात असतो. त्यांपैकी पहिली साधारण तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपास पगार मिळतो (२०२४ मध्ये हे किमान वेतन ७ लाख ४० हजार डॉलर होते), पुढील तीन वर्षांचा पगार गरज पडल्यास लवादापुढे ठरतो, आणि त्यानंतर तो मुक्त होऊन हव्या त्या संघाशी करार करू शकतो. सेवेचे एक वर्ष १७२ दिवसांचे धरतात, आणि २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला हंगामाच्या आरंभी मुद्दाम थोडे उशिरा बोलावल्यामुळे त्याचे वर्ष एका दिवसाने अपुरे राहिले. संघाला त्याच्यावर आणखी एका वर्षाचा हक्क मिळाला. श्रीमंत संघही एका दिवसासाठी इतका विचार करतात, तेव्हा छोट्या बाजारपेठेच्या संघाला ही सहा वर्षे म्हणजे काय असतील हे वेगळे सांगायला नको. स्वस्त असताना उत्तम खेळणारे चार-पाच खेळाडू एकाच वेळी हाताशी असणे, हीच त्या संघाची ताकद असते.

या काळासाठी माझा पर्याय बागायतीतून घेतलेला आहे : ‘बहार’, आणि क्रियापद ‘बहार धरणे’. डाळिंबाचा किंवा संत्र्याचा बागायतदार झाडाला वर्षभर फळे येऊ देत नाही. तो पाणी तोडून बागेला ताण देतो, नंतर छाटणी करून, खते देऊन पाणी सोडतो, आणि मृग, हस्त किंवा आंबे बहारांपैकी कोणता धरायचा हे पाण्याची उपलब्धता व बाजारभाव पाहून स्वतः ठरवतो. बहार आपोआप येतो असे न म्हणता तो ‘धरला’ असे आपण म्हणतो. ‘खिडकी’ या शब्दात नसलेला निर्णयाचा अर्थ या एका क्रियापदात आहे, आणि हरण्याच्या वर्षांसाठी ‘ताण’ हा नेमका शब्दही त्याच व्यवहारातून मिळतो.

कॅन्सस सिटीचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होईल. २००४ ते २००६ या तिन्ही हंगामांत रॉयल्स शंभर किंवा अधिक सामने हरले. २००६ मध्ये डेटन मूर सरव्यवस्थापक झाले. ॲलेक्स गॉर्डन २००५च्या ड्राफ्टमधील दुसऱ्या क्रमांकाची निवड होता. त्याच्यामागोमाग २००७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर माइक मुस्टाकस आणि २००८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर एरिक हॉस्मर आला. साल्वाडोर पेरेझला व्हेनेझुएलातून किशोरवयातच करारबद्ध केले होते. डिसेंबर २०१० मध्ये संघाने आपला सर्वोत्तम पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) झॅक ग्रिंकी मिलवॉकीला देऊन लोरेंझो केन, अल्सिडेस एस्कोबार, जेक ओडोरिझी आणि जेरेमी जेफ्रेस यांना घेतले. येथपर्यंत ‘पुनर्बांधणी’ हा शब्द चालतो.

डिसेंबर २०१२ मध्ये मात्र मूर यांनी उलट दिशेचा व्यवहार केला. विल मायर्स हा तेव्हाच्या सर्वांत नावाजलेल्या होतकरू फलंदाजांपैकी एक, तसेच ओडोरिझी आणि इतर दोघे टॅम्पा बे संघाला देऊन त्यांनी जेम्स शील्ड्स व वेड डेव्हिस हे अनुभवी पिचर घेतले. नुकताच ९० सामने हरलेल्या संघाने हे करावे, यावर त्या वेळी कडाडून टीका झाली, आणि पुढच्याच वर्षी मायर्स अमेरिकन लीगमधील (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकातील) सर्वोत्तम नवोदित ठरल्याने ती टीका खरी वाटू लागली. मला स्वतःला हा व्यवहार त्या साऱ्या काळातील सर्वांत समंजस निर्णय वाटतो. हॉस्मर आणि मुस्टाकस २०११ मध्ये मेजर लीगमध्ये आले होते, म्हणजे दोघेही २०१७च्या अखेरीस मुक्त होणार हे तेव्हाच दिसत होते, आणि केन व एस्कोबार यांचीही मुदत त्याच वेळी संपत होती. आणखी दोन वर्षे होतकरू जमवत राहणे म्हणजे आहे त्या खेळाडूंची ऐन उमेदीची दोन वर्षे वाया घालवणे होते. मूर यांनी २०१२ मध्ये जे केले त्याला ‘पुनर्बांधणी संपवली’ असे म्हणणे फार कोरडे होईल. त्यांनी बहार धरला. २०१३ मध्ये संघ ८६ सामने जिंकला, २०१४ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यापर्यंत पोहोचला, आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्क मेट्सना हरवून १९८५नंतरचे पहिले विजेतेपद त्याने मिळवले. अखेरचा बळी वेड डेव्हिसनेच घेतला.

पुरवणी प्रश्न

‘बहार धरणे’ सुंदर आहे, पण दोन शंका आहेत. बहार धरला की पीक बहुधा येते, येथे तशी शाश्वती नसते. शिवाय ‘ताण’ म्हटल्याने ज्याला इंग्रजीत ‘टँकिंग’ म्हणतात त्या मुद्दाम हरण्याला सभ्य नाव दिल्यासारखे होत नाही काय?

उत्तर

पहिल्या शंकेबाबत : पिकाची शाश्वती बागायतदारालाही नसते. तेल्या रोग किंवा एक गारपीट पुरते. शब्द निर्णयाला लावलेला आहे, फळाला लावलेला नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. ‘मुद्दाम हरणे’ हा शब्द खेळाडूंवर अन्याय करतो, कारण मैदानावरचा खेळाडू हरण्यासाठी खेळत नाही. त्याची पुढची नोकरी त्या खेळावरच ठरते. कमकुवत संघ उतरवण्याचा निर्णय कार्यालयात होतो. म्हणून ‘हार पत्करणे’ आणि ‘हार ओढवून घेणे’ असा भेद ठेवावा. आहे तेवढ्यात लढून हरणारा संघ हार पत्करतो. पगारखर्च जाणूनबुजून तळाला नेऊन वर्षानुवर्षे शेवटच्या क्रमांकावर राहणारा संघ हार ओढवून घेतो, आणि ताण फार लांबला तर बाग वाळते हेही ‘ताण’ या शब्दात आहेच. ह्यूस्टन २०११ ते २०१३ या तीन हंगामांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरले व २०१७ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकले, हे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. परंतु पिट्सबर्ग १९९३ ते २०१२ असे सलग वीस हंगाम जिंकण्यापेक्षा हरले अधिक, हे उदाहरण मात्र क्वचितच दिले जाते. २०२२च्या श्रमकरारात ड्राफ्टच्या पहिल्या सहा निवडींसाठी सोडत आणली गेली, ती या ओढवून घेतलेल्या हारीला आळा घालण्यासाठीच.

खर्चासाठीही एकच शब्द पुरणार नाही, आणि मूळ प्रश्नात सुटलेला हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. २०१५च्या जुलैमध्ये रॉयल्सनी जॉनी क्वेटो आणि बेन झोब्रिस्ट यांना आणले. त्यांची खरी किंमत पैशांत नव्हती; ब्रँडन फिनेगन, शॉन मनाया यांच्यासारखे तरुण पिचर देऊन ती चुकवली गेली. क्वेटोने वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना एकट्याने पूर्ण टाकून केवळ दोन हिट (यशस्वी फटके) दिले, आणि हंगाम संपताच दोघेही मुक्त होऊन निघून गेले. या प्रकाराला ‘मोजणे’ म्हणावे : होतकरू मोजून काही महिने विकत घेतले. असे मोजून झाल्यावर कोठार रिकामे होते. २०१७नंतर हॉस्मर, केन गेले आणि २०१८ मध्ये संघ १०४ सामने हरला. तरीही ज्याने १९८५पासून वाट पाहिली त्या शहराला तो सौदा महाग पडला असे मी म्हणणार नाही.

दुसरा प्रकार ‘राखणे’. २०२३ मध्ये रॉयल्स १०६ सामने हरले, आणि त्यानंतरच्याच हिवाळ्यात त्यांनी सेथ लुगोला तीन वर्षांसाठी साडेचार कोटी, मायकेल वाकाला दोन वर्षांसाठी ३.२ कोटी आणि बॉबी विट धाकटा याला ११ वर्षांसाठी २८ कोटी ८७ लाख डॉलर देऊ केले. त्यापूर्वीचा त्यांचा सर्वांत मोठा करार पेरेझचा, ८.२ कोटींचा होता. इतक्या वाईट हंगामानंतर एवढा खर्च का, असे विचारणाऱ्याने विटकडे पाहावे : २०१९च्या ड्राफ्टमधील दुसऱ्या क्रमांकाची ही निवड मेजर लीगमध्ये दोन वर्षे खेळली होती, म्हणजे घड्याळाचा तिसरा भाग संपला होता. २०२४ मध्ये संघ ८६ सामने जिंकला, विट अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत पहिला आला आणि लुगो पिचरांच्या सर्वोच्च पुरस्काराच्या मतदानात दुसरा. खर्चाची वेळ गुणतक्त्यावरून ठरत नाही, हे या हिवाळ्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी. विटच्या करारात २०३०च्या हंगामानंतर बाहेर पडण्याचा हक्क त्याला आहे, त्यामुळे ‘संघाने त्याला कायमचे राखले’ किंवा ‘अकरा वर्षांसाठी बांधून घेतले’ ही वाक्यरचना वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ‘संघाने त्याला २०३०पर्यंत राखले, पुढील वर्षे त्याच्या मर्जीवर’ असे लिहावे.