मुलाने वर्गातल्या मुलीचा एडिट केलेला फोटो फॉरवर्ड केला, काय करू?

ऐरोलीची_आई
मुलगा नववीत आहे. पोरांनीच केलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा कोणीतरी वर्गातल्या एका मुलीचा चेहरा एआयने दुसऱ्याच अंगावर लावून फोटो टाकला, कपडे अगदी नावाला. माझ्या पोराने बनवला नाही पण हसायचा इमोजी टाकला आणि दुसऱ्या ग्रुपवर पाठवला पण. रात्री जेवेना, खोदून विचारलं तेव्हा रडायला लागला, म्हणे सगळेच करत होते. ती मुलगी दोन दिवस शाळेत नाही. मिस्टर म्हणतात चॅट उडव आणि विषय संपव. मला पटत नाहीये, तिच्या आईला मी ओळखते, भाजी घ्यायला जाते तेव्हा भेट होते. सांगू का त्यांना?

नेरुळ_वकील
ताई, सांगाच, आणि आजच. आयटी ॲक्टचं कलम ६७ब फक्त बनवणाऱ्याला नाही, अठरा वर्षांखालच्या मुलांचा असा फोटो पुढे पाठवणाऱ्यालाही लागतं. पुरावा म्हणून तो फोटो कुणाला पाठवू नका, साठवून पण ठेवू नका. ग्रुपचं नाव, ज्याने टाकला त्याचा नंबर, तारीख, वेळ वहीत लिहा. तक्रार नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर महिला आणि बालकांच्या विभागात होते, तिथे नाव न देताही करता येते. १९३० वर सगळे फोन करतात पण तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, मुलांसाठी १०९८. तुमचा मुलगा अल्पवयीन आहे, त्याचं प्रकरण बाल न्याय कायद्याने चालतं, घाबरून लपवू नका. आणि मुलीचं नाव, शाळा इथे लिहू नका प्लीज.

कळवा_ताई
माझ्यासोबत अकरावीत असंच झालं होतं. फोटोपेक्षा जास्त लागलं ते हे की ज्यांच्यासोबत रोज डबा खायचे त्यांनी पण बघितला आणि एकाने सुद्धा मला सांगितलं नाही. तिला तुमच्याकडून कळू दे. आणि मुलाने जिथे जिथे पाठवलाय तिथे त्यानेच लिहावं की मी चूक केली, हा फोटो खोटा आहे, काढून टाका. नुसतं डिलीट फॉर एव्हरीवन करून कुणाच्या गॅलरीतून जात नाही.

ठाणे_शिक्षक
फोटो इन्स्टावर गेला असेल तर टेक इट डाउन नावाची फुकट सेवा आहे, अठरा वर्षांखालच्यांच्या नग्न, अर्धनग्न फोटोंसाठी. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त हॅश म्हणजे खुणेचा कोड जातो, त्यावरून इन्स्टा, फेसबुक तो शोधून काढतात. व्हॉट्सॲपमध्ये मात्र त्याने काही होत नाही, तिथे प्रत्येक पोराकडे जाऊनच बोलावं लागतं. मुख्याध्यापकांना लेखी द्या, वर्गशिक्षकांना तोंडी सांगून थांबू नका.

ऐरोलीची_आई
आत्ता त्यांच्याकडून आले. मिस्टर पण आले सोबत. तिच्या आईला माहीतच नव्हतं, पोरगी पोट दुखतंय सांगून घरी होती. आधी चिडल्या, मग माझा हात धरून रडल्या. पोर्टलवर तक्रार आम्ही दोघींनी मिळून भरली, उद्या शाळेत पत्र देणार. मुलाने दोन्ही ग्रुपवर लिहिलं, तिघांनी डिलीट केल्याचं सांगितलं, बाकीच्यांच्या घरी उद्या जातेय. त्याला तिची माफी मागायचीय पण ती आत्ता कुणालाच भेटत नाहीये, म्हणून थांबलोय.