सासूबाई स्वतः मासळी खात नाहीत, मग मला आग्रह का? (मराठी-बंगाली घर आणि नवरात्र)

प्रश्न : शेवंती, पुणे

सहा वर्षांपूर्वी माझे लग्न एका बंगाली कुटुंबात झाले. नवरा पुण्यातच नोकरीला आहे. सासूबाई कोलकात्याला असतात आणि चार वर्षांपूर्वी सासरे गेल्यापासून दुर्गापूजेच्या सुमारास महिनाभर आमच्याकडे येऊन राहतात. माझ्या माहेरी घट बसतात. आई गेल्यानंतर, भाऊ परदेशी असल्यामुळे, देवीचा टाक माझ्याकडे आला आणि तेव्हापासून घटस्थापना, अखंड नंदादीप आणि नऊ दिवसांचे उपवास मी करते. त्या दिवसांत आमच्या घरात मासळी शिजत नाही, हे नवऱ्याला पहिल्यापासून मान्य आहे.

गेल्या वर्षी तिसऱ्या माळेच्या दिवशी मी कामावरून परतले, तर जिन्यातच मोहरीच्या तेलाचा वास आला. सासूबाईंनी रोहू आणून मोहरीच्या वाटणात शिजवला होता. आमचे घर दोन खोल्यांचे आहे आणि स्वयंपाकघर आणि देव्हारा यांच्यात एकच भिंत आहे. घटातले गहू त्याच दिवशी मातीवर डोकावू लागले होते. मी हातपाय धुऊन येईपर्यंत त्यांनी माझे ताट वाढून, पोटाकडचा सर्वांत मोठा तुकडा त्यात ठेवला होता. "बउमा (सूनबाई), एक घास तरी तोंडाला लाव," असे त्या हिंदीत म्हणाल्या. आमच्या दोघींचे बोलणे हिंदीतच होते, आणि ती आम्हा दोघींचीही भाषा नाही. उपवास आहे, असे मी सांगितले. त्यांनी पुन्हा आग्रह केला, तेव्हा माझा तोल गेला. सासरे गेल्यापासून त्या स्वतः मासळी खात नाहीत, म्हणून मी म्हणाले, "तुम्ही स्वतः खात नाही, मग माझ्या मागे का लागता? मीही तुमच्यासारखी निरामिषच बरी." हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

त्या काही बोलल्या नाहीत. ताट उचलून आत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाला परतीचे तिकीट काढायला सांगितले. त्यानंतर वर्षभर फोनवर ख्यालीखुशालीपलीकडे आमचे बोलणे झालेले नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीने मला "बर्गीच्या घरची" म्हटल्याचेही माझ्या कानावर आले आहे. यंदाचे नवरात्र दीड महिन्यावर आले आहे. माझे व्रत मोडण्यासाठीच त्यांनी तसे केले, असे मी वर्षभर समजत आले, पण आता तसे वाटेनासे झाले आहे. बोलणे सुरू करावे तर कोठून करावे, हे कळत नाही.

प्रतिसाद : गंगेकाठी

मी मूळची नागपूरची आहे आणि गेली बावीस वर्षे कोलकात्यात, बंगाली सासरीच राहते. तुमच्या प्रश्नातच त्याचे उत्तर आहे. त्या स्वतः खात नाहीत, म्हणूनच त्यांनी तुम्हाला आग्रह केला.

बंगाली हिंदू घरांत मासळी ही सौभाग्याची खूण आहे. लग्नात वराकडून येणाऱ्या भेटींमध्ये अख्खा रोहू सजवून पाठवतात आणि कित्येक घरांत त्याला नवरीसारखे नटवतात. नवरा गेला की जुन्या रीतीप्रमाणे बाईच्या ताटातून मासळी जाते, कांदा-लसूण जातो, मसुराची डाळसुद्धा जाते, आणि एकादशीला पाण्याचा थेंबही न घेता उपवास करावा लागतो. विद्यासागरांच्या प्रयत्नांनी १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, परंतु ताटातले नियम कायद्याने हलले नाहीत. आज शहरांतल्या बहुतेक मुली हे पाळत नाहीत, पण तुमच्या सासूबाईंच्या पिढीतल्या अनेक जणी, कोणी सक्ती केलेली नसतानाही, पाळतात. म्हणून सवाष्णीने दिवसचे दिवस मासळी टाळणे त्यांना अशुभ वाटते. तिच्या नवऱ्याच्या आयुष्याशी त्याचा संबंध आहे, असे त्यांचे मन म्हणते, आणि येथे तो नवरा म्हणजे त्यांचा मुलगा आहे.

आता तुमचे वाक्य त्यांच्या कानांनी ऐकून पाहा. आपल्याकडे केशवपन आणि आलवण होते. आपल्या पणजीच्या काळातल्या एखाद्या विधवा सासूसमोर, नवरा धडधाकट घरात बसलेला असताना, सुनेने कपाळ पुसून "मीही तुमच्यासारखी अशीच बरी" असे म्हटले असते, तर त्या सासूचे काय झाले असते? तुम्हाला 'निरामिष' म्हणजे शाकाहारी एवढेच अभिप्रेत होते. त्यांना मात्र त्यात त्यांचे स्वतःचे वैधव्य आणि मुलाचे मरण ऐकू आले. हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मला स्वतःला हे कळायला सासरी नऊ वर्षे लागली, तीही जावेने एकदा मला बाजूला घेऊन सांगितले म्हणून.

बोलणे 'निरामिष' या शब्दापासून सुरू करू नका, 'ब्रत' या शब्दापासून करा. व्रत त्यांना पुरते ठाऊक आहे. चैत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी नीलषष्ठीला बंगाली आया मुलांसाठी उपवास करतात आणि दुर्गाष्टमीला अंजली वाहीपर्यंत तोंडात काही घालत नाहीत. आपलेही नऊ दिवसांचे ब्रत आहे आणि ते त्यांच्या मुलासाठीही आहे, हे त्यांना सांगा.

स्वयंपाकघराचे म्हणाल, तर सोवळ्याओवळ्याचे त्यांना काही कळत नसेल, असा समज मनातून काढून टाका. जुन्या बंगाली घरांत मासळी चिरायची विळी, 'आँशबोटी', वेगळी असते आणि विधवांची चूलही वेगळी असे. भाताला लागलेला हात न धुता दुसऱ्या भांड्याला लावला, तर माझ्या सासूबाई आजही ते भांडे घासायला टाकतात. आपण ज्याला खरकटे म्हणतो, त्याला त्या 'शोकडी' म्हणतात. "घरात मासळी नको" असे म्हणण्याऐवजी "ठाकुराच्या, म्हणजे देवाच्या, भोगाची भांडी आणि शेगडी वेगळी ठेवू या" असे म्हटलेत, तर वेगळे काय आणि कसे ठेवायचे, ते त्याच तुम्हाला सांगतील.

बर्गीविषयी थोडेसे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४१ ते १७५१ या काळात बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि खेडीच्या खेडी उजाड झाली. आपल्या 'बारगीर' या शब्दाचे तिकडे 'बर्गी' झाले आणि अंगाईगीतांतूनही ते नाव पिढ्यान्पिढ्या पोचले. मी तर नागपूरचीच, त्यामुळे लग्नानंतरचे पहिले वर्ष हा शब्द मी रोज ऐकला. त्यावर वाद घालू नका. मावशींना सासूबाईंकडून समज मिळेल तेव्हा मिळेल, आधी सासूबाईंचे पाहा.

प्रतिसाद : मधली आळी

वरचा प्रतिसाद वाचून माझेच डोळे उघडले. परंतु एक गोष्ट राहून गेली आहे. नवऱ्याला दोन्ही बाजू ठाऊक होत्या. आईच्या मनात मासळीचे काय स्थान आहे हे त्याने बायकोला सांगितले नाही, आणि घट बसल्यावर घरात काय चालत नाही हे आईला सांगितले नाही. "होईल सगळे ठीक" म्हणणाऱ्याने यंदा आधी आईशी तिच्या भाषेत बोलावे. हिंदीतून जे निसटले, ते बांगलामध्ये निसटणार नाही.

प्रतिसाद : गंगेकाठी

त्याने बोलावे, हे खरे, पण शेवंतीच्या आधी नव्हे. ते वाक्य सुनेच्या तोंडून गेले आहे, त्यामुळे पहिला फोनही तिचाच जायला हवा.

प्रतिसाद : अलिबागकर

शेवंतीताई, सासूबाईंशी बोलताना "आम्हा मराठी लोकांत देवीला मासळी चालत नाही" असे कृपया म्हणू नका, कारण ते खरे नाही. आमच्या रायगडात अनेक घरी तिखटाच्या गौरी असतात. माहेरवाशीण घरी आली म्हणून तिला मटणाचा, चिंबोऱ्यांचा नैवेद्य दाखवतात. तुळजापुरात महानवमीला अजाबळीचा विधी होतो. बंगालमध्येही दुर्गा मुलाबाळांना घेऊन माहेरी आलेली लेक मानतात. आमच्या आईला हे एका बंगाली शेजारणीकडून कळले, तेव्हा ती म्हणाली, "मग तिला उपाशी का ठेवतील?" तुमचा नियम तुमच्या आईच्या घराचा आहे, आणि तो तितक्याच आदराने पाळला जावा. "माझ्या आईने असे केले, म्हणून मी करते" हे कोणत्याही सासूला समजते. दोन जातीजमातींचा सामना उभा केला, तर त्यात समजून घ्यायला काही उरत नाही.

प्रतिसाद : शेवंती, पुणे

उत्तर द्यायला पाच दिवस लागले, त्याबद्दल क्षमस्व. पहिले दोन दिवस मला फोन उचलण्याचा धीर झाला नाही. आपण काय बोललो, ते कळल्यावर मी नवऱ्यासमोर बसून रडले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, की बाबा गेले त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आईने त्याच्यासाठी मासळी केली, समोर बसून वाढली, आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन उकडलेला बटाटा आणि भात खाल्ला. हे त्याने मला यापूर्वी कधी सांगितले नव्हते.

काल मी सासूबाईंना फोन केला. बांगलातली दोन वाक्ये नवऱ्याकडून पाठ करून घेतली होती, पण पहिल्यानंतर मी अडखळले आणि पुढचे हिंदीतच बोलले. त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता, मी तुमचे आणि तुमच्या मुलाचे वाईट चिंतले नाही, असे सांगितले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. नंतर त्यांनी विचारले, "तुझी आईही नऊ दिवस करत होती?" मी हो म्हटले. घटात काय पेरतात, दिवा रात्री कोण पाहते, मधुमेह असेल तर काय करतात, असे त्या विचारत राहिल्या. आईलाही मधुमेह होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. सहा वर्षांत आईविषयी त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारले, आणि मीही आपणहून कधी काही सांगितले नव्हते.

मग भांड्यांचे बोलणे निघाले. येथे गंगेकाठी ताईंचे शब्द अगदी खरे ठरले. एक कढई, एक उलथने आणि विळी त्या कोलकात्याहून स्वतः आणणार आहेत आणि बाल्कनीत दुसरी शेगडी मांडणार आहेत. मुलासाठी मासळी तिथे होईल, आणि षष्ठीपासून अष्टमीपर्यंत तीही नाही. मी नऊ दिवस मासळी खाणार नाही, हे त्यांना अजून मनापासून पटलेले नाही आणि ते आवाजात कळत होते. दशमीला घट उठल्यावर दुपारच्या जेवणात मी त्यांच्या हातची मासळी खाईन, असे मी कबूल केले. त्यावर, रोहू नको, त्या दिवशी इलिश (हिलसा मासा) आणू, असे त्या म्हणाल्या आणि पुण्यात चांगला इलिश कोठे मिळतो, हे मुलाला विचारून ठेवायला मला सांगितले.