शब्दचर्चा: 'प्युरिटन'ला मराठीत कर्मठ म्हणावं का? (निमित्त ॲन हचिन्सन)

खारूताई
बोस्टनच्या स्टेट हाउसपुढे ॲन हचिन्सनचा ब्राँझचा पुतळा आहे, १९२२ सालचा. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तिच्यावर दीड पानाचं टिपण लिहिते आहे आणि पहिल्याच वाक्याला गाडी अडली आहे: 'मॅसॅच्युसेट्स वसाहतीत धर्मस्वातंत्र्यासाठी झगडलेली ही कर्मठ पंथाची स्त्री १६३७ साली तडीपार झाली.' 'कर्मठ' हा संपादकांचा आग्रह. नुसतं 'प्युरिटन' लिहिलं तर वाचकाला बोध होत नाही म्हणतात. मला तो शब्द खटकतो, पण का ते धड सांगता येत नाही. 'तडीपार'ही जरा पोलीस ठाण्यातला वाटतो. सुचवा.

पाटीपेन्सिल
कर्मठला काय झालं? नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड, असा कायदा याच वसाहतीने १६५९ मध्ये केला होता. नाटक म्हणजे पाप, रविवारी काम म्हणजे गुन्हा. आपल्या भाषेत याला कर्मठच म्हणतात. फार तर 'सोवळे' म्हणा.

बोरूबहाद्दर
पाटीपेन्सिल, रोजच्या बोलण्यात ठीक आहे. 'फार प्युरिटन आहे बुवा' याला 'फार कर्मठ आहे बुवा' चालून जाईल. पण नेमकं ॲन हचिन्सनबद्दल लिहिताना हा शब्द वापरला, तर खटल्याचा निकालच आपण पहिल्या ओळीत देऊन टाकतो. कसं ते सांगतो, जरा लांबण लागेल.

कर्मठ म्हणजे कर्मावर भिस्त ठेवणारा. अमुक आचरण केलं की तमुक फळ. प्युरिटनांचा मूळ सिद्धांत याच्या बरोबर उलटा. माणसाचा उद्धार फक्त देवाच्या कृपेने होतो आणि तो कोणाचा होणार हे देवाने आधीच ठरवलेलं आहे. तुम्ही कितीही पुण्यकर्मं करा, त्यात फरक पडायचा नाही. मग प्रश्न असा, की आपल्यावर कृपा झाली आहे हे ओळखायचं कशावरून? वसाहतीतले बहुतेक धर्मोपदेशक म्हणत की शुद्ध वागणूक ही त्याची एक खूण मानता येईल. ॲनचा आक्षेप तिथेच होता. तिचं म्हणणं, खूण म्हणून का होईना, तुम्ही लोकांना पुन्हा कर्माच्याच नादी लावता आहात. जॉन कॉटन आणि तिचा नातलग जॉन व्हीलराइट हे दोन उपदेशक सोडले तर बाकीचे सगळे 'कर्मांचा करार' शिकवतात, 'कृपेचा करार' नाही.

म्हणजे मराठीत सांगायचं तर 'तुम्ही कर्मठ आहात' हाच तिचा आरोप. प्युरिटन उपदेशकाला तोंडावर मारलेली याहून मोठी चपराक नव्हती. आणि तुमचे संपादक हेच विशेषण तिला चिकटवणार! 'प्युरिटन'च ठेवा आणि पुढे एक ओळ घाला: इंग्लंडच्या चर्चमधले उरलेसुरले कॅथलिक विधी काढून टाकून ते शुद्ध करू पाहणारा पंथ. 'शुद्धतावादी' हा शब्दही छापील मराठीत दिसतो. तो निदान खोटा तरी नाही.

नगरकर
बोरूबहाद्दरांनी 'करार' वापरला ते योग्यच. मराठी बायबलमध्ये जुना करार, नवा करार, कृपा, कर्मे हे शब्द मुरलेले आहेत. खारूताई, तुमच्या गावाशी याचा संबंधही आहे. १८१३ साली मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने पाठवलेले होते, आणि त्या बोर्डामागे मुख्यतः न्यू इंग्लंडच्या जुन्या प्युरिटन चर्चच्या वारसदार मंडळ्या होत्या. पुढे अहमदनगरला याच बोर्डाच्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढलं. म्हणजे ज्या परंपरेने ॲनला बाहेर काढलं, तिच्याच वंशजांनी मराठी ख्रिस्ती भाषा घडवायला हातभार लावला. तेव्हा शब्द बाहेर शोधत बसू नका, घरात आहेत.

एक सूचना. 'चर्च'साठी इथे 'मंडळी' लिहा. बोस्टनचं चर्च म्हणजे इमारत नव्हे, नाव नोंदवून घेतलेले सभासद. वसईकडे 'ख्रिस्तसभा' म्हणतात, पण ती कॅथलिक परंपरा. इथे बसणार नाही.

खारूताई
कर्मठ गेलं. आता 'तडीपार'. आणि मला वाटतं शिक्षा दोन होत्या. मी एकातच उरकल्या आहेत.

काळी शाई
दोनच. आणि त्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर गोष्टच कळणार नाही.

पहिली सरकारी. नोव्हेंबर १६३७, न्यूटाउन, म्हणजे आजचं केंब्रिज. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच फिर्यादी. शिवाय बोस्टनमध्ये तिच्या घरासमोरच राहणारा. घरी बायकांना जमवून ती रविवारच्या प्रवचनाची चिरफाड करायची. साठ-साठ बायका येत, पुढे पुरुषही येऊ लागले. ती सुईण होती, त्यामुळे घराघरांत ओळख. विन्थ्रॉपने तिच्यावर बायबलमधली आईबापांचा मान राखण्याची आज्ञा मोडल्याचा ठपका ठेवला. आईबाप म्हणजे कोण, तर राज्यकर्ते! तिने नव्या करारातल्या तीताच्या पत्राचा आधार दिला, की वडीलधाऱ्या बायकांनी तरुणींना शिकवावं असं त्यातच लिहिलं आहे. उपदेशकांनी आपल्याविरुद्ध साक्ष द्यायची तर शपथेवर द्या, असाही हट्ट धरला. शेवटी शिक्षा ऐकल्यावर तिने विचारलं, 'मला का घालवता आहात ते तरी कळू द्या.' विन्थ्रॉपचं उत्तर: 'पुरे. का ते न्यायालयाला माहीत आहे आणि न्यायालयाचं समाधान झालं आहे.'

हिला 'हद्दपार' म्हणा. तडीपारी आपल्या पोलीस कायद्यातली, जास्तीत जास्त दोन वर्षांची. गुंड मुदत संपली की परत येतो. हिला कायमचं घालवलं होतं. थंडी उतरेपर्यंत रॉक्सबरीला एका घरात नजरकैदेत ठेवलं, एवढीच सवलत.

दुसरी शिक्षा मार्च १६३८ ची, बोस्टनच्या मंडळीने दिलेली.

पाटीपेन्सिल
ती म्हणजे वाळीत टाकणं ना?

नगरकर
जवळपास, पण नाही. वाळीत टाकणं म्हणजे रोटीबेटी बंद, पाणी बंद, मयताला कोणी येणार नाही. ते जातपंचायतीचं काम, आणि २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. इथे धर्मोपदेशक जॉन विल्सनने भर सभेत 'तुला सैतानाच्या स्वाधीन करतो' असं उच्चारलं. हा धर्मविधी झाला. 'मंडळीतून बहिष्कृत केलं' हे अचूक. त्याच सभेत दुसरा एक धर्मोपदेशक ह्यू पीटर तिला जे म्हणाला ते टिपणात घ्याच: तू बायको कमी आणि नवरा जास्त झालीस, श्रोती कमी आणि उपदेशक जास्त, रयत कमी आणि हाकीम जास्त.

ती बाहेर पडली तेव्हा मेरी डायर तिचा हात धरून बरोबर निघाली. हीच मेरी पुढे क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथात गेली आणि १६६० साली बोस्टनमध्ये फाशी गेली.

खारूताई
ती खटल्यात म्हणाली की देवाने आपल्याशी थेट संवाद केला. मी 'तिला साक्षात्कार झाला होता' असं लिहिलं आहे.

बोरूबहाद्दर
साक्षात्कार नको. तो शब्द ऐकला की मराठी माणसाचे हात आपसूक जोडले जातात आणि न्यायालय एवढं का हादरलं ते समजत नाही. त्यांच्या मते देवाला सांगायचं होतं ते बायबलमध्ये सांगून संपलं होतं. 'देव माझ्याशी थेट बोलतो' असं साधं लिहा. तो देवाचाच आवाज कशावरून, असं विचारल्यावर तिने उलट विचारलं, मुलाचा बळी दे ही आज्ञा देवाचीच आहे हे अब्राहामाला कसं कळलं? बिनतोड. पण याच बोलण्याने ती अडकली. तोवर त्यांच्या हाती फारसं काही लागलं नव्हतं.

काळी शाई
'धर्मस्वातंत्र्य' या शब्दावर कोणी बोललं नाही. पुतळ्याखाली तिला नागरी स्वातंत्र्याची आणि धार्मिक सहिष्णुतेची धाडसी पुरस्कर्ती म्हटलं आहे. मला हे तिच्या अंगावर जरा ढगळ वाटतं. सगळ्यांना आपापला धर्म पाळू द्या, असं ती म्हणत नव्हती. तुमचे उपदेशक चुकीचं शिकवतात, हे तिचं म्हणणं. सर्वांना मोकळीक ही मागणी रॉजर विल्यम्सची. त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं होतं आणि हचिन्सन कुटुंबाला जवळच जागा मिळाली ती त्याच्या मध्यस्थीने. 'सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी' लिहिलं तर तिच्या मापाचं होईल.

पाटीपेन्सिल
दिवाळी अंकात 'सदसद्विवेक'? फराळासोबत? 'स्वतःच्या मनाला पटेल तो धर्म सांगण्याच्या हक्कासाठी' लिहा.

काळी शाई
मान्य. हेच बरं.

खारूताई
घेतलं. आता शेवटचे दोन. एक, १६४३ मध्ये न्यूयॉर्कजवळ ती सहा मुलांसह मारली गेली. पुतळ्यावर 'इंडियन लोकांनी मारलं' असं आहे. दोन, १९८७ मध्ये गव्हर्नर डुकाकिस यांनी तिला 'माफी दिली'.

नगरकर
'इंडियन' मराठीत घोटाळा करणार. सिवानॉय जमात असं नाव घाला. आणि तिथल्या तेव्हाच्या डच वसाहतीचा गव्हर्नर कीफ्ट याने मूळ रहिवाशांच्या कत्तली करून युद्ध पेटवलं होतं हेही सांगा, नाहीतर ते उगीच धावून आले असं वाटेल.

बोरूबहाद्दर
'माफी' काढा. माफी दिली म्हटलं की गुन्हा कबूल होतो. शिवाय मंडळीपुढे तिने काही मतं लेखी मागे घेतली होतीच. मग म्हणाली, माझे विचार तेच आहेत, फक्त मांडताना चूक झाली. त्यावर खोटं बोलल्याचा ठपका ठेवून बहिष्कृत केली. 'हद्दपारीचा हुकूम ३५० वर्षांनी मागे घेतला' असं लिहा. मंडळीच्या बहिष्काराशी त्या हुकमाचा संबंध नाही. ती ओळ वेगळी ठेवा.