चंगाई की पंगत? पहिली मंडळी वाढली ती कशाने

उंबरठा

गेल्या रविवारी आमच्या उपासनेत नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये'मधला तिसरा अध्याय झाला. यरुशलेमच्या मंदिराचा 'सुंदर' नावाचा दरवाजा, तिथे रोज उचलून आणून बसवला जाणारा जन्माचा पांगळा, आणि समोरून येणारे येशूचे शिष्य पेत्र व योहान. सोनं-रुपं माझ्यापाशी नाही, आहे ते देतो, असं म्हणून पेत्र त्याचा उजवा हात धरतो आणि तो माणूस उड्या मारत मंदिरात शिरतो. पाळकसाहेब पाऊण तास बोलले, छानच बोलले. फक्त त्याच्या लगेच आधीची वचनं त्यांनी एका दमात उरकली. माणसं घरोघरी भाकर मोडत, जमीनजुमला विकत आणि ज्याची जशी गरज तसं वाटून देत, ती वचनं.

मला वाटतं आपण दोनेक हजार वर्षं चुकीच्या अध्यायावर पाऊण तास घालवतोय.

त्या सहवासाला मूळ ग्रीकमध्ये 'कोइनोनिया' म्हणतात. आपण 'सहभागिता' म्हणतो आणि उपासनेनंतरचा चहा डोळ्यांपुढे आणतो. पण हा शब्द बाजारातला आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याकोब आणि योहान हे शिमोनाचे, म्हणजे पेत्राचेच, मासेमारीतले भागीदार आहेत, तिथे याच शब्दाचं भावंड वापरलंय. म्हणजे नफा सामायिक, तोटाही सामायिक.

पहिल्या मंडळीत, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजात, पहिलं जाहीर भांडण कशावरून झालं? कोण बरं करतो आणि कोण नाही, यावरून नव्हे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय, यावरून. त्यासाठी सात माणसं नेमावी लागली. प्रेषित पौल पत्रात करिंथच्या मंडळीवर भडकतो तो का? प्रभुभोजनाला एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो म्हणून. इ.स. १५५च्या सुमारास रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की रविवारी जमलेली वर्गणी अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी खर्च होते. २५१ साली रोमचा बिशप कर्नेलियस एका पत्रात सांगतो की त्याची मंडळी १५०० पेक्षा जास्त विधवा आणि गरजूंना पोसते. सरकार नाही, राजाश्रय नाही, उलट छळ चाललेला, आणि रोज दीड हजार पानं!

आता चंगाई, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा करणं. पौलाचे सोबतीच बघा. त्रफिम आजारी पडला, पौलाने त्याला मिलेतात मागे ठेवला. तीमथ्याचं पोट सारखं बिघडायचं, त्याला सल्ला काय, तर थोडा द्राक्षारस घेत जा. एपफ्रदीत मरता मरता वाचला. पौलाचा स्वतःचा 'शरीरातला काटा' तीनदा विनवूनही गेला नाही. चंगाई हे मंडळीचं चालतं नाणं असतं, तर घरचीच माणसं अशी आजारी राहिली असती का?

माणसं चमत्कार बघायला आली असतील, पण टिकली ती पंगतीमुळे, असं माझं मत. खोडून काढा. आजच्या चंगाई सभा आणि धर्मांतर यांवर कृपया वेगळा धागा काढा.

तिरकस

पाचव्या प्रतिसादात धर्मांतर येतंय. चहाची पैज.

भाकरतुकडा

लेख आवडला, पण सोयीचा आकडा उचललात. कर्नेलियसच्या त्याच पत्रात, त्याच वाक्यात, विधवांच्या अगदी आधी काय आहे ते का गाळलं? रोमच्या मंडळीत ४६ वडील, ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ मदतनीस आणि वाचक, द्वारपाल व भुतं काढणारे मिळून ५२. हे तिघे एकत्र मोजले असले तरी भुतं काढणं हे नाव, पद असलेलं आणि मंडळीच्या खर्चातून चालणारं काम होतं. पंगतीच्या हिशेबातच चंगाईचं खातं आहे!

दुसरं, त्या काळची माणसं स्वतः काय सांगतात ते ऐकणार की नाही? बिशप इरेनियस १८०च्या सुमारास गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, लिहितो की आमच्यातले काही हात ठेवून आजारी बरे करतात. तर्तुल्यन हा ख्रिस्ती लेखक तर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सुभेदाराला सुनावतो की सेप्टिमियस सेव्हेरस बादशहाला प्रोक्युलस नावाच्या ख्रिस्ती माणसाने तेल लावून बरं केलं होतं आणि बादशहाने त्याला मरेपर्यंत राजवाड्यात ठेवून घेतलं. खोटं असेल, पण अधिकाऱ्याला लिहिलेल्या अर्जात माणूस असली गोष्ट घालतो, म्हणजे ती ऐकून कोणी हसणार नाही एवढा भरवसा त्याला होता. आणि मंडळीचा कट्टर टीकाकार केल्सस 'असलं काही घडतच नाही' म्हणत नाही. त्याचा आरोप जादूटोण्याचा आहे.

इतिहासकार रॅम्से मॅकमलन काही भाविक नव्हे, तोही १९८४ साली हेच मांडतो की सर्वसामान्य लोकांना पटलं ते प्रवचनाने नव्हे, भुतं पळाली म्हणून. तुमच्या त्रफिमाबद्दल एवढंच म्हणते की सगळे बरे झाले असा दावा नव्या करारात कुणी केलेलाच नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात 'सगळ्यांनाच बरं करण्याची दानं असतात काय?' असा प्रश्न पौलच विचारतो.

उंबरठा

पकडलंत. भुतं काढणारे मी गाळले, कबूल. पण ५२ माणसं तीन कामांसाठी आणि खाणारी तोंडं दीड हजार. बैल कुठल्या कामाला जुंपलेत ते दिसतंच की.

पारावरचा

आणि आज तेलाच्या बाटल्या विकून गोरगरिबांना नादी लावणाऱ्यांचं काय? त्यावर बोला की.

तिरकस

चौथाच! अंदाज एकाने चुकला, चहा माझ्याकडून.

मुद्द्यावर येतो. भाकरतुकडा यांचे साक्षीदार सगळे स्वतःच्या बाजूचे, आणि केल्ससचं जे म्हणणं आपल्यापर्यंत आलंय ते त्याच्या विरोधकाच्या, म्हणजे ओरिजेनच्या उत्तरातून आलंय. पण उंबरठा, तुमच्या पंगतीचे साक्षीदारही तसलेच. जस्टिन बादशहापुढे वकिली करतोय. तो काय सांगणार, आमचे वडील वर्गणी खातात म्हणून?

शिवाय बरं करण्याचे दावे त्या बाजारात पैशाला पासरी होते. ग्रीसमध्ये एपिदौरसला अस्क्लेपियस या आजार बरे करणाऱ्या देवाच्या देवळात बरे झालेल्यांच्या हकिकती दगडावर कोरून लावल्या होत्या. आंधळा दिसू लागला, पांगळा चालू लागला, सगळं तिथे आहे, आणि ते ख्रिस्ताच्या आधीच्या शतकांतलं. चमत्कारानेच धर्म वाढायचा तर आज आपण अस्क्लेपियसवर भांडत असतो.

वसईचा वारा

तिरकस, तुमच्याच वाक्यात तुमचं उत्तर आहे हो. अस्क्लेपियसच्या देवळात माणूस जायचा, रात्री तिथे झोपायचा, बरा झाला तर नवस फेडून घरी परतायचा. शेजारच्या खाटेवर कोण होता, पुढे त्याच्या पोराबाळांचं काय झालं, याचं कुणाला सोयरसुतक नाही. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय बघा. आजाऱ्याने कुठे जायचं नाहीये. त्याने मंडळीच्या वडिलांना घरी बोलवायचं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करायची, आणि सगळ्यांनी एकमेकांपाशी पापं कबूल करायची. चंगाई आणि सहवास असे दोन कप्पे करायला जागाच कुठे ठेवलीय? आमच्याकडे आजही फादर आजाऱ्याच्या घरी तेल घेऊन येतात. माझ्या आजीला लावलं तेव्हा ती बरी होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. पण अख्खी आळी ओट्यावर उभी होती.

रात्रपाळी

मी बावीस वर्षं नर्स आहे. ख्रिस्ती नाही, श्रद्धाळूही फारशी नाही. पण या धाग्यात आजाऱ्याच्या उशाशी कुणी जाऊन बसेना, म्हणून लिहिते.

तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमन साम्राज्यात मोठी साथ आली. तिला कार्थेजचा बिशप सिप्रियन याचं नाव पडलं, कारण लक्षणं त्याने लिहून ठेवली. जुलाब थांबत नाहीत, सतत उलट्या, घशात जखमा, डोळे लालभडक, हातपाय सडणं. आजार कोणता याची खात्री आजही नाही. पण हगवण आणि उलटीने खंगलेल्या माणसाला औषध नसताना काय वाचवतं ते मला विचारा. घोटघोट पाणी. थोडी पेज. कपडे बदलणं. कूस पालटून देणं. रात्री दोनला कुणीतरी जागं असणं. सगळे वाचत नाहीत, पण ज्यांचं शरीर झुंजतंय ते केवळ पाण्यावाचून मरत नाहीत.

आता त्यातून उठलेला माणूस काय सांगेल? 'मला पाणी पाजलं' असं नाही सांगणार. पाणी पाजणारी बाई उशाशी बसून प्रार्थनाही पुटपुटत होती. तो सांगेल की त्यांनी प्रार्थना केली आणि मी उठलो. माझ्या वॉर्डातही लोक सलाइनचं श्रेय अंगाऱ्याला देतात, मी वाद घालत नाही.

तिरकस

हे ऐकायला बरं वाटतं, पण इथेच पाय घसरतो. रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञाने १९९६ साली हाच हिशेब मांडला. साथीत इतरांतले ३० टक्के मेले आणि ख्रिस्त्यांतले १० टक्केच, असं धरलं तर मंडळीचा वाटा आपोआप वाढतो. पण ते ३० आणि १० त्याने धरलेले आहेत हो, मोजलेले नाहीत. आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांची सेवा करत होते, बाकीचे आपल्याच माणसांना अर्धमेलं रस्त्यावर टाकत होते, ही साक्ष कुणाची? अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसियस. त्या वर्णनात ग्रीक इतिहासकार थुसिडिडीझने सहाशे-सातशे वर्षं आधी लिहिलेल्या अथेन्सच्या साथीची छाया आहे.

आणि रात्रपाळी, तुम्हीच सांगा, साथीच्या रोग्याला मिठीत घेणारे जास्त वाचतील की जास्त मरतील?

रात्रपाळी

जास्त मरतील. दिओनिसियसही तेच लिहितो ना, की सेवा करणाऱ्यांतले उत्तम उत्तम गेले. पुण्याच्या प्लेगात १८९७ साली सावित्रीबाई अशाच गेल्या. सेवा केली म्हणून ख्रिस्ती कमी मेले असं मी म्हटलेलंच नाही. जो उठला तो कुणाचं नाव घेईल, एवढंच म्हटलं.

उंबरठा

तिरकस, स्वतःच्या बाजूचे साक्षीदार नकोत ना, मग शत्रूचे घ्या. दुसऱ्या शतकातला लेखक लुशियन ख्रिस्त्यांची टिंगल करणारा. पेरेग्रिनस नावाच्या लबाडाची गोष्ट सांगताना तो लिहितो की हा तुरुंगात पडला तर पहाटेपासून म्हाताऱ्या विधवा आणि अनाथ पोरं बाहेर थांबलेली असत, आत जेवणं जात. त्याच्या मते हे लोक भोळसट, कुणीही लुबाडावं असे. आणि ३६२ साली ज्युलियन बादशहा, ज्याला जुने देव परत आणायचे होते, तो गलातियाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहितो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आपल्याही पोसतात, आपल्याला लाज वाटली पाहिजे. आणि धर्मशाळा काढायला धान्य मंजूर करतो. नक्कल करायची वेळ आली तेव्हा शत्रूने कशाची केली? कोठाराची. चंगाईची नाही.

भाकरतुकडा

ज्युलियनला चंगाईची नक्कल कशाला करावी लागेल? त्याच्याकडे अस्क्लेपियस होताच, आणि त्याची तो तोंडभरून स्तुती करतो. नव्हतं ते त्याने उचललं. शिवाय ३६२ म्हणजे ख्रिस्ती झालेल्या कॉन्स्टंटाइन बादशहानंतरचा काळ, मंडळीकडे सरकारी पैसा आलेला. ती काही 'पहिली मंडळी' नव्हे.

आणि तुम्ही पंगत इतकी गोड रंगवताय, तर 'कृत्यां'चा पाचवा अध्यायही वाचा की. हनन्या आणि सप्पीराने जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे आणले असं भासवलं. दोघं पेत्राच्या पायाशी मरून पडली. त्याच अध्यायात पुढे लोक आजाऱ्यांना खाटांसकट रस्त्यावर आणून ठेवतात, पेत्राची सावली तरी पडावी म्हणून. वाटप, धाक आणि चंगाई एकाच पानावर आहेत. तुम्ही कात्री घेऊन बसलात आणि आवडलेला तुकडा कापून घेतलात.

उंबरठा

अस्क्लेपियसचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ज्युलियन मागे घेतो, लुशियन ठेवतो.

कात्रीबद्दल मात्र एक. यापोची टबीथा घ्या, नवव्या अध्यायातली. ती मरते. पेत्र येतो तेव्हा विधवा रडत त्याला काय दाखवतात? तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे. पुढचा चमत्कार बाजूला ठेवला तरी ही खोली मला खरी वाटते. कुणाला रचायची असती तर ही शिवणाची गोष्ट सुचली नसती. मंडळी म्हणजे ते कपडे, असं मी म्हणतो.

भाकरतुकडा

खोली मलाही खरी वाटते. पण त्याच्या एकच वचन वर बघा. त्यांनी दोन माणसं लोदला पेत्राकडे धाडली, 'आमच्याकडे यायला उशीर करू नका' असा निरोप देऊन. कपडे तर त्यांच्या अंगावर होतेच, उंबरठा. त्यासाठी कुणी माणसं पळवत नाही.

पारावरचा

लोद ते यापो किती लांब असेल हो? मेलेल्या बाईसाठी एवढं कोण पळेल?

वसईचा वारा

पाच-सहा कोस. आमच्याकडे पळतात.