सोसायटीसाठी ऑनलाइन डॉक्टर : अनुभव कळवावेत

सचिव : नमस्कार. व्हिडिओ कॉलवर वैद्यकीय सल्ला देणाऱ्या एका कंपनीने आपल्या सोसायटीला वार्षिक सदस्यत्व देऊ केले आहे. रविवारच्या सभेपूर्वी, असा सल्ला घेतलेल्या सभासदांनी आपले समाधान झाले किंवा कसे, ते येथे लिहावे. शुभेच्छांची चित्रे कृपया उद्या.

बी-३०२ : आईचा मधुमेह जुना आहे आणि तिचे डॉक्टरही जुनेच आहेत. एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) अहवाल पाठवला की ते फोनवर बोलून गोळ्यांचे प्रमाण ठरवतात. दुखऱ्या गुडघ्यांनी दवाखान्याचा जिना चढणे आणि नंबर लागेपर्यंत बाकावर ताटकळणे टळल्यामुळे ती अतिशय खूश आहे. तळपायांची संवेदना मात्र कॅमेऱ्यातून कळत नाही, म्हणून त्या तपासणीसाठी तिला नेतोच.

सी-१०४ : आमचे उलट झाले. मुलाचा कान रात्री अकराला ठणकू लागला. अनोळखी डॉक्टरांनी चार मिनिटांत, कानात न डोकावता, अँटिबायोटिक लिहून दिले आणि कॉल संपताक्षणी ॲपने तारे मागितले. त्या वेळी कोणीतरी बोलले याचाच इतका दिलासा वाटला की मी पाचही देऊन टाकले. तिसऱ्या दिवशी कान वाहू लागल्यावर तज्ज्ञांकडे धावलो, तेव्हा दिलेले तारे परत घेण्याची सोय त्या ॲपमध्ये नव्हती!

ए-५०१ : मी परिचारिका म्हणून निवृत्त झाले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा, अंमली व शेड्यूल एक्समधील (कायद्याने कडक नियंत्रण असलेल्या यादीतील) औषधे अशा सल्ल्यावर देता येत नाहीत आणि प्रत्यक्ष तपासणीची गरज वाटल्यास तसे सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. सरकारच्या ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेत गावच्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसून रक्तदाब मोजतात आणि पडद्यावरच्या डॉक्टरांना सांगतात. आपल्याकडे तो शेजारी बसणारा माणूस नसतो. बी-३०२ मधील आजींना त्यांची पूर्ण माहिती असलेले डॉक्टर लाभले म्हणून ती उणीव भासली नाही. सी-१०४ मधल्या बाळाला दोन्ही नव्हते.

सी-१०४ : पटले, ताई. कॉल संपताच विचारलेल्या प्रश्नाला आपण सोयीचे गुण देतो, उपचाराचे नव्हे. तोच प्रश्न आठ दिवसांनी विचारला असता, तर मी एकच तारा दिला असता.

बी-३०२ : म्हणजे दर वेळी तेच डॉक्टर मिळतील का, हे कंपनीकडून लेखी घ्यायला हवे. नाही म्हणाले, तर आमच्या घरी तरी त्या सदस्यत्वाचा उपयोग नाही. आईचे डॉक्टर फोन उचलतातच.

सचिव : तो प्रश्न आणि चिठ्ठीवरील नोंदणी क्रमांकाचा मुद्दा आजच कंपनीला ईमेलने कळवतो. शनिवारपर्यंत उत्तर न आल्यास हा विषय रविवारच्या विषयपत्रिकेतून वगळला जाईल.