‘इझन्ट इट’, ‘न्हवं’ आणि ‘अल्ला’: वाक्याच्या शेपटीविषयी

निपाणीहून:
माझी लेक नववीत आहे, मराठी माध्यमात. परवा इंग्रजीच्या चाचणीत तिनं लिहिलं, ‘युअर ब्रदर वर्क्स इन हुबळी, इझन्ट इट?’ त्यावर लाल फुली. बरोबर उत्तर म्हणे ‘डझन्ट ही?’ ती विचारते, ‘आई, आपण कशालाही न्हवं लावतो. दादा हुबळीला असतो न्हवं? काल पाऊस पडला न्हवं? मग इंग्रजीत एकच इझन्ट इट का चालत नाही?’ चालत नाही म्हणजे नाही, असं सांगून मी तिला गप्प केलं, आणि ते मनाला लागून राहिलंय. कुणी नीट समजावून सांगेल का?

खानापूर तालुक्यातून:
ताई, लेकीचा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. तिला गप्प करू नका. मी याच भागात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं आणि ही चूक सगळ्यात जास्त तपासली.

आपलं ‘न्हवं’ सबंध वाक्याकडे बोट दाखवतं. मी बोललो ते खरं ना, एवढंच ते विचारतं. म्हणून कर्ता बदलो, काळ बदलो, ते हलत नाही. खरं तर आपलं ‘नाही’ कर्त्याप्रमाणे चालतं: तू आला नाहीस, ते आले नाहीत. पण ‘तू येणार आहेस, नाहीस का?’ असं आपण म्हणत नाही. शेपटीला आलं की ते ‘नाही का?’ म्हणून गोठतं. इंग्रजीत ते गोठलेलं नाही. तिथली शेपटी म्हणजे त्याच वाक्याचा उलटा प्रश्न, अर्ध्यात तोडलेला. मी मुलांना फळ्यावर पूर्ण प्रश्न लिहायला लावायचो: ‘डझन्ट युअर ब्रदर वर्क इन हुबळी?’ मग भावाच्या जागी ‘ही’ लिहायचं आणि पुढचं सगळं डस्टरनं पुसायचं. उरलं ते ‘डझन्ट ही?’ चार वाक्यं अशी पुसली की पाठांतर लागत नाही.

वाक्यात इज, हॅव, कॅन, विल असं सहायक क्रियापद असेल तर तेच उचलायचं. नसेल तर काळ बघून डू, डझ किंवा डिड. वाक्य होकारी तर शेपूट नकारी, वाक्य नकारी तर शेपूट होकारी. चकवतात ते पोटात नकार घेऊन बसलेले शब्द: हार्डली, सेल्डम, नोबडी. ‘नोबडी केम, डिड दे?’ इथं नॉट कुठंच दिसत नाही, तरी वाक्य नकारीच, आणि नोबडीचं सर्वनाम ‘दे’. ‘आय ॲम लेट’ची शेपटी ‘आरन्ट आय?’ हे मात्र तर्कानं सापडत नाही, लक्षातच ठेवावं लागतं.

एक जागा अशी आहे की तिथं मराठी मूल इंग्रज मुलापेक्षा पुढे असतं. ‘लेट्स गो’ला ‘शॅल वी?’ लागतं, आणि ‘लेट अस गो’ म्हणजे आम्हाला सोडा असा अर्थ असेल तर ‘विल यू?’ पुस्तकात हे दोन वेगळे नियम म्हणून येतात. आपल्याला ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे. आपण जाऊ या, तर शॅल वी. आम्हाला जाऊ दे, तर विल यू.

बेळगावहून:
सरांच्या बोलण्याला कानडीची जोड देतो. आमच्या गल्लीत अर्धी घरं कानडी, तिथं ‘न्हवं’च्या जागी ‘अल्ला?’ नाहीतर ‘अल्लेनु?’ येतं, आणि तेही गोठलेलंच. कानडीत नकाराचे दोन शब्द आहेत. ‘मने इल्ल’ म्हणजे घर नाही, ‘इदु मने अल्ल’ म्हणजे हे घर नव्हे. शेपटीला इल्ल येत नाही, अल्ल येतं. आपल्याकडेही नाही आणि नव्हे असे दोन, आणि आपलं ‘न्हवं’ त्या नव्हेचंच बोलीतलं रूप. म्हणजे लेकीला घरात एक आणि शेजारी दुसरी, अशा दोन्ही भाषा एकच सवय लावतात. तिनं ‘इझन्ट इट’ लिहिलं यात नवल नाही.

माझी अडचण वेगळी आहे. उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला आहे. बाहेरच्या गिऱ्हाइकानं फोनवर विचारलं, ‘यू हॅवन्ट सेंट द बिल, हॅव यू?’ बिल पाठवलं नव्हतं, म्हणून मी ‘यस’ म्हटलं. त्यानं पाठवलं असं धरलं, आणि दोन दिवस घोळ झाला.

खानापूर तालुक्यातून:
हे शाळेत फारसं कुणी शिकवत नाही, आणि नोकरीत सगळ्यात जास्त हेच नडतं. ‘बिल पाठवलं नाही न्हवं?’ याला आपण ‘होय, नाही पाठवलं’ म्हणतो. आपला ‘होय’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीतला ‘यस’ किंवा ‘नो’ घडलेल्या गोष्टीला असतो. पाठवलं नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’, प्रश्न कसाही विचारलेला असो. एकटा यस किंवा नो कधी सोडू नका, मागं क्रियापद लावा, म्हणजे घोळ होत नाही.

सुराकडेही लक्ष असू द्या. शेपटीचा सूर खाली आला तर समोरच्याला फक्त तुमचा दुजोरा हवा असतो, वर गेला तर तो खरंच विचारतोय. आपल्या हेलात हे दोन्ही आहेत. ‘आज उकडतंय, नाही?’ म्हणताना आपण उत्तराची वाट बघत नाही.

आणि ताई, बोलताना ‘इझन्ट इट’ देशभर ऐकू येतं. लंडनची तरुण मुलंसुद्धा कशालाही ‘इनिट’ लावतात. म्हणून लेकीला अडाणी समजू नका. लिहिताना आणि परीक्षेत मात्र क्रियापद बघूनच शेपूट लावायची.

निपाणीहून:
रात्री तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं पाटीवर लिहून पुसून पाहिलं. तिचं वाक्य असं: ‘देअर इज नो वॉटर इन द टॅप, इज देअर?’ बरोबर आहे न्हवं?

खानापूर तालुक्यातून:
बरोबर. ‘नो’मधला नकार तिनं ओळखला, आणि ‘देअर’चं ‘इट’ केलं नाही.